विश्लेषण : निर्बंध ब्रसेल्समध्ये, ईमेल बंद मुंबईत! ‘स्वदेशी’ आणि ‘मुक्त’ सॉफ्टवेअरमध्ये फरक काय?

वर्गणी भरलेली, परवाना चालू, भारतीय कायद्याचा कुठलाही भंग नाही. तरीही जुलै २०२५ मध्ये एका मोठ्या भारतीय तेल कंपनीचे ईमेल बंद पडले. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ईमेल ‘झोहो’ या देशी कंपनीच्या यंत्रणेवर गेल्याचे समोर आले. ‘स्वदेशी सॉफ्टवेअर वापरा’ हा आग्रह सध्या सर्वत्र ऐकू येतो. पण कंपनी देशी असली की डिजिटल स्वातंत्र्य आपोआप मिळते का? युरोपातील सरकारे मुक्त म्हणजेच ओपन सोर्स सॉफ्टवेअरकडे का वळत आहेत? आणि या सगळ्यात दृष्टिहीन वापरकर्त्याचा संबंध कुठे येतो?

नायरा प्रकरणात नेमके काय घडले?

युरोपीय संघाने १८ जुलै २०२५ रोजी रशियावरील निर्बंधांचा अठरावा संच जाहीर केला. त्यात गुजरातमधील वाडिनार तेलशुद्धीकरण प्रकल्प चालवणाऱ्या नायरा एनर्जीचे नाव होते. कारण या कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टची ४९.१३ टक्के भागीदारी आहे. वर्षाला २ कोटी टन क्षमतेचा हा प्रकल्प देशाच्या एकूण तेलशुद्धीकरण क्षमतेच्या सुमारे ८ टक्के आहे. देशभरात नायराचे साडेसहा हजारांहून अधिक पेट्रोल पंप आहेत.

निर्बंधांनंतर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने नायराच्या ‘आउटलुक’ आणि ‘टीम्स’ या सेवा थांबवल्या. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. पूर्ण पैसे भरलेल्या सेवा कोणतीही पूर्वसूचना न देता बंद केल्या आणि स्वतःचीच माहिती पाहण्यापासून कंपनीला रोखले, अशी तिची तक्रार होती. दरम्यानच्या काळात ईमेलसाठी मुंबईच्या ‘रेडिफ’चा आधार घ्यावा लागला. न्यायालयात सुनावणी होण्याआधी, जुलैअखेरीस, मायक्रोसॉफ्टने सेवा पूर्ववत केल्या आणि वाद तिथेच थांबला.

यातली गुंतागुंत लक्षात घेण्यासारखी आहे. निर्बंध युरोपचे, सेवा देणारी कंपनी अमेरिकी, ग्राहक भारतीय. भारताने या निर्बंधांना मान्यता दिलेली नव्हती आणि अमेरिकेनेही तोवर नायरावर निर्बंध घातलेले नव्हते. तरीही सेवा थांबली. तेल होते, कर्मचारी होते, पंप सुरू होते. फक्त एकमेकांना लिहायची सोय गेली.

हे एकट्या नायराचे दुखणे आहे का?

नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे मुख्य अभियोक्ता करीम खान यांच्यावर निर्बंध लादले. त्यानंतर त्यांचे मायक्रोसॉफ्टवरील ईमेल खाते बंद झाल्याचे आणि त्यांना स्वित्झर्लंडच्या ‘प्रोटॉन मेल’कडे वळावे लागल्याचे वृत्त मे महिन्यात आले. न्यायालयाला दिलेली सेवा आपण कधीही थांबवली नाही, असा खुलासा मायक्रोसॉफ्टने केला. परंतु युरोपला जे समजायचे ते समजले. ऑक्टोबरमध्ये हे न्यायालय जर्मनीत तयार झालेल्या ‘ओपनडेस्क’ या ओपन सोर्स प्रणालीकडे जाणार असल्याचे स्पष्ट झाले.

जून २०२५ मध्ये फ्रान्सच्या सिनेटच्या चौकशी समितीपुढे मायक्रोसॉफ्ट फ्रान्सच्या अधिकाऱ्याला शपथेवर एक प्रश्न विचारण्यात आला. फ्रेंच नागरिकांची माहिती फ्रेंच सरकारच्या संमतीशिवाय अमेरिकी सरकारला कधीच दिली जाणार नाही, अशी हमी देता येईल का? उत्तर होते, नाही. याचे कारण अमेरिकेचा २०१८ चा ‘क्लाउड ॲक्ट’. या कायद्यानुसार अमेरिकी कंपनीच्या ताब्यातील माहिती जगात कुठल्याही सर्व्हरवर असली, तरी अमेरिकी यंत्रणा ती कायदेशीर आदेशाने मागू शकते. म्हणजे सर्व्हर पॅरिसमध्ये की पुण्यात, हा मुद्दा दुय्यम ठरतो. मालक कोणत्या देशाच्या कायद्याला बांधील आहे, हे महत्त्वाचे.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे फुकट सॉफ्टवेअर का?

हा गैरसमज सर्वाधिक आढळतो. मुक्त सॉफ्टवेअर बहुतेकदा मोफत मिळते, पण त्याचे महत्त्व त्यात नाही. सॉफ्टवेअर ज्या मूळ सूचनांनी बनते, तो ‘सोर्स कोड’ कुणालाही वाचता, तपासता, बदलता आणि पुढे वाटता येतो, हे त्याचे वैशिष्ट्य. स्वयंपाकघरातले उदाहरण घ्यायचे तर, एकीकडे तयार मसाल्याचे पाकीट आहे आणि दुसरीकडे मसाल्याची कृती. पाकीट बनवणाऱ्याने दुकान बंद केले की चव गेली. कृती हाती असेल तर दुसरा कुणीही मसाला कुटू शकतो.

असे प्रत्यक्षात घडलेही आहे. ‘ओपनऑफिस’ हे सॉफ्टवेअर सन मायक्रोसिस्टिम्स सांभाळत असे. २०१० मध्ये ओरॅकलने सन ही कंपनी विकत घेतली. नव्या मालकाबद्दल खात्री न वाटल्याने त्याच वर्षी अनेक प्रोग्रामरनी तोच कोड घेऊन ‘लिबरऑफिस’ सुरू केले. वापरणाऱ्यांच्या फायली जशाच्या तशा उघडत राहिल्या. आज लिबरऑफिस मराठीतही उपलब्ध आहे.

दुसरे उदाहरण हुआवेचे. मे २०१९ मध्ये अमेरिकेने या चिनी कंपनीवर निर्बंध घातले, तेव्हा गुगलचे प्ले स्टोअर, नकाशे, जीमेल हे सारे तिच्या नव्या फोनवरून गेले. अँड्रॉइडचा ओपन सोर्स भाग मात्र काढून घेता आला नाही. त्याच पायावर उभे राहून हुआवेने पुढे स्वतःची प्रणाली विकसित केली. जे मुक्त होते ते उरले. जे एका कंपनीच्या मर्जीवर होते ते गेले.

युरोपात काय चालले आहे?

जर्मनीच्या उत्तरेकडील श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याने एप्रिल २०२४ मध्ये सुमारे ३० हजार सरकारी संगणकांवरील मायक्रोसॉफ्ट ऑफिस हटवून लिबरऑफिस वापरण्याचा निर्णय घेतला. ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिथल्या ४० हजारांहून अधिक मेलबॉक्स ओपन सोर्स यंत्रणेवर गेल्या. त्यांत १० कोटींहून अधिक ईमेल आणि कॅलेंडर नोंदी होत्या. परवाना शुल्कात दीड कोटी युरोंपेक्षा जास्त बचत झाल्याचे राज्य सरकार सांगते. डेन्मार्कच्या डिजिटल मंत्रालयानेही जून २०२५ मध्ये याच दिशेने जाण्याचे जाहीर केले. ग्रीनलँडवर अमेरिका हक्क सांगू लागल्यानंतरचा हा निर्णय आहे, हे ध्यानात घेतले की त्यामागची अस्वस्थता कळते.

हा प्रवास सुखाचा नाही. श्लेस्विग-होल्स्टाइनमध्ये ईमेल हलवताना कर्मचाऱ्यांनी तक्रारींचा पाऊस पाडला आणि मंत्र्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. म्युनिकचा इतिहास तर अधिक बोलका आहे. या शहराने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक बदलले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे परतण्याचे ठरवले. तंत्रज्ञान कोसळले म्हणून हे घडले नाही. बाकी सगळे जग दुसऱ्या फॉरमॅटमध्ये फायली पाठवत होते आणि महापालिकेतील राजकीय पाठबळ ओसरले होते. एकट्या शहराने असा निर्णय टिकवणे किती कठीण असते, हे त्यातून दिसले.

केंद्राने झोहो स्वीकारले. मग प्रश्न सुटला का?

अर्धाच. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरील अमेरिकी आयातशुल्क ५० टक्क्यांवर गेले आणि स्वदेशीच्या आवाहनाला धार आली. माहिती तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव यांनी सप्टेंबरमध्ये, तर गृहमंत्री अमित शहा यांनी ऑक्टोबरमध्ये आपण झोहो वापरू लागल्याचे जाहीर केले. सरकारी कर्मचाऱ्यांच्या ईमेलचे काम झोहोकडे त्याआधीच, २०२३ च्या निविदेतून आले होते.

झोहो ही १९९६ मध्ये सुरू झालेली, चेन्नईत मुख्यालय असलेली भारतीय कंपनी आहे. ब्रसेल्स वा वॉशिंग्टनमधील एका आदेशाने भारतातील सरकारी पत्रव्यवहार थांबण्याचा धोका त्यामुळे निश्चितच कमी होतो. पण झोहोची ऑफिस आणि ईमेल ही उत्पादने ओपन सोर्स नाहीत. त्यांचा कोड बाहेरच्या कुणाला तपासता येत नाही. उद्या कंपनीने दर वाढवले, मालकी बदलली किंवा एखादी सेवा गुंडाळली, तर दुसऱ्या कुणाला तीच यंत्रणा चालवायला देता येणार नाही. परदेशी कुलूप जाऊन देशी कुलूप आले, किल्ली मात्र अजूनही दुसऱ्याकडेच.

एक गोष्ट सरकारने योग्य केली आहे. ईमेल पत्त्यांमधील डोमेन सरकारचेच आहे. त्यामुळे कंपनी बदलली तरी पत्ते तेच राहू शकतात. घर भाड्याचे असले तरी पोस्टाचा पत्ता आपल्या नावावर असावा, तसा हा प्रकार. सॉफ्टवेअर आणि फायलींच्या बाबतीत हीच काळजी घेतली जाते का, हा खरा प्रश्न आहे.

विशेष म्हणजे, यासाठी नवे धोरण लिहायचीही गरज नाही. खुल्या मानकांचे धोरण २०१० पासून आहे. सरकारी खात्यांनी ओपन सोर्सला प्राधान्य द्यावे आणि ते वगळल्यास कारण द्यावे, असे सांगणारे धोरण केंद्राने २०१५ मध्येच आणले. ‘सी-डॅक’ची ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली २००७ पासून आहे. केरळच्या सरकारी शाळांत तर दीड दशकाहून अधिक काळ मुले मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिकतात. बंगळूरुच्या ‘आयआयआयटी’त आकाराला आलेली ‘मोसिप’ ही ओपन सोर्स ओळखपत्र प्रणाली फिलिपिन्स आणि मोरोक्कोसारखे देश वापरतात. जगाला मुक्त प्रणाली देणारा देश स्वतःच्या कार्यालयात मात्र बंद पाकिटे विकत घेतो, असा हा विरोधाभास आहे.

महाराष्ट्राला याचा अनुभव आहे का?

दोन्ही प्रकारचा. १९८० च्या दशकात अमेरिकेने भारताला हव्या त्या क्षमतेचा ‘क्रे’ महासंगणक नाकारला. त्यातून १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. नकारातून स्वावलंबन उभे राहिल्याची ही गोष्ट मराठी वाचकाला परिचित आहे.

दुसरा अनुभव कमी चर्चेत येतो. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी टायपिंगसाठी ‘डीव्हीबी-टीटी सुरेख’ किंवा ‘श्रीलिपी’सारखे फॉन्ट वापरले जात.  या पद्धतीत फायलीत मराठी अक्षरे साठवलीच जात नसत. साठवले जात ते इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत. फॉन्ट फक्त त्यांवर देवनागरी आकार चढवत असे. प्रत्येक कंपनीचे संकेत वेगळे. त्यामुळे तो विशिष्ट फॉन्ट संगणकावर नसेल, तर शासन निर्णयाच्या जागी अगम्य चिन्हांची रांग दिसते. अशा फायलीत ‘सातबारा’ शब्द शोधला तर सापडत नाही. वर्षानुवर्षे टंकलेली कागदपत्रे आजही कन्व्हर्टर लावून सोडवावी लागतात.

इथे कुणी निर्बंध लादले नव्हते. फॉन्ट बनवणाऱ्या संस्था आणि कंपन्या तर पुण्यातल्याच, म्हणजे पूर्णपणे स्वदेशी. तरीही आपलाच मजकूर आपल्याला परका झाला, कारण तो साठवण्याची पद्धत खुली नव्हती. युनिकोड हे खुले मानक आल्यावर ती अडचण सुटली. ‘देशी’ आणि ‘मुक्त’ यांतला फरक समजून घ्यायला याहून जवळचे उदाहरण नाही.

दृष्टिहीन वापरकर्त्याचा यात काय संबंध?

थेट संबंध आहे. दृष्टिहीन व्यक्ती ‘स्क्रीन रीडर’च्या मदतीने संगणक वापरते. पडद्यावरील मजकूर हे सॉफ्टवेअर वाचून दाखवते. जुन्या फॉन्टमधले मराठी पान त्याला दिले, तर ते त्यामागचे संकेत वाचत सुटते आणि कानावर निरर्थक अक्षरे पडतात. स्कॅन करून चढवलेले परिपत्रक असेल, तर ऐकू येते शांतता.

व्यावसायिक स्क्रीन रीडर महाग असतात. ही कोंडी फोडली ती ‘एनव्हीडीए’ या ओपन सोर्स सॉफ्टवेअरने. मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये ते लिहायला घेतले. आज ते जगभर मोफत वापरले जाते. त्याला आवाज देणारे ‘ईस्पीक एनजी’ हेही मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि ते मराठी बोलते. मराठीत ग्राहक किती, नफा किती, हा हिशेब कुणी मांडला असता, तर कदाचित ते कधीच मराठी बोलले नसते.

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ई-केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करणे शक्य नसलेल्या ॲसिडहल्लाग्रस्त आणि दृष्टिहीन नागरिकांच्या याचिकांवर हा निकाल होता. न्यायालयाने सरकारला २० निर्देश दिले.

मात्र ‘मुक्त’ म्हणजे आपोआप ‘सुगम्य’ असेही नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २००५ मध्ये सरकारी दस्तऐवजांसाठी खुल्या फॉरमॅटचा आग्रह धरला, तेव्हा सर्वांत टोकदार आक्षेप अपंगांच्या संघटनांनी घेतला. त्यांचे स्क्रीन रीडर तेव्हाच्या ओपन सोर्स ऑफिसशी नीट जुळत नव्हते. सरकारचे स्वातंत्र्य वाढले, पण कर्मचाऱ्याचे काम थांबले, असा तो पेच होता. २००७ मध्ये राज्याने मायक्रोसॉफ्टचे नवे फॉरमॅटही मान्य यादीत घेतले. सुगम्यता नंतर जोडायची गोष्ट मानली, तर स्वातंत्र्याचा निर्णयही टिकत नाही, हा त्यातला धडा.

मुक्त सॉफ्टवेअर राजकारणापासून सुरक्षित आहे का?

पूर्णपणे नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्सच्या देखभालकर्त्यांच्या यादीतून सुमारे डझनभर रशियन प्रोग्रामरची नावे निर्बंधांचे कारण देऊन काढण्यात आली. २०१९ मध्ये ‘गिटहब’ या कोड साठवणाऱ्या संकेतस्थळाने इराण आणि क्रिमियातील वापरकर्त्यांवर बंधने आणली. पण लिनक्सचा कोड रशियातून हिरावला गेला नाही. तो उतरवून घेणे, बदलणे आणि चालवणे तिथेही शक्यच राहिले. निर्बंध माणसांच्या सहभागावर आले, आधीच मुक्त झालेल्या कोडवर नाही.

दुसरा धोका थकव्याचा. मार्च २०२४ मध्ये लिनक्समधील ‘एक्सझेड’ या फायली आकसून छोट्या करणाऱ्या साधनात कुणीतरी चोरवाट पेरल्याचे उघड झाले. हे साधन जगभरच्या सर्व्हरवर असते. देखभाल मात्र प्रामुख्याने एका स्वयंसेवकावर होती. हल्लेखोराने मदतनीस बनून दोनेक वर्षे त्याचा विश्वास कमावला होता. सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या एका अभियंत्याच्या शंकेमुळे तो डाव फसला. कोड उघडा होता म्हणून चोरी सापडली, आणि देखभालीला माणसे नव्हती म्हणून ती शिरली. दोन्ही खरे आहे.

पुढे कशावर लक्ष ठेवायचे?

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे शाळा, ग्रामपंचायती, सहकारी पतसंस्थांमधील चालते संगणक बदलायचे, की त्यांवर लिनक्स टाकायचे, हा निर्णय आता गावपातळीवर आला आहे. घाईघाईत विंडोज काढून ‘आम्ही स्वतंत्र झालो’ म्हणण्यात अर्थ नाही. प्रशिक्षण आणि दुरुस्ती करणारा माणूस नसेल, तर म्युनिकची पुनरावृत्ती ठरलेली.

त्याऐवजी कोणतेही सरकारी सॉफ्टवेअर घेताना निविदेतच चार गोष्टींची उत्तरे मागता येतील. सगळी माहिती खुल्या फॉरमॅटमध्ये बाहेर काढून दुसऱ्या यंत्रणेवर न्यायला किती दिवस लागतील? पुरवठादाराने हात वर केले, तर तीच यंत्रणा दुसऱ्या कुणाला चालवता येईल का? दृष्टिहीन कर्मचाऱ्याकडून ती तपासून घेतली आहे का? आणि परवान्यात वाचलेल्या पैशांतला किती वाटा देखभालीवर खर्च होणार?

ही उत्तरे परदेशी कंपनीकडून मागायची तशीच देशी कंपनीकडूनही. नायराला दुसरी सोय शोधता आली, कारण तिच्याकडे वकील होते आणि पैसाही. तालुक्याच्या रुग्णालयाचे किंवा जिल्हा परिषदेचे दप्तर उद्या असेच अडकले, तर त्यांना उच्च न्यायालयाची तारीख मिळेपर्यंत थांबणे परवडणार नाही. डिजिटल स्वातंत्र्याची खरी परीक्षा अशाच दिवशी होते, आणि तिची तयारी करार करतानाच व्हावी लागते.